तिसऱ्या कडव्यातली जागा

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. खांबाजवळच्या मावशी, तुम्हीसुद्धा या. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही आणि माईकवर माझा फारसा भरवसा नाही. का नाही, ते आजचं आख्यान ऐकलंत की कळेल!

आधी एक प्रश्न. कुणीतरी आपल्याला काही सांगतंय आणि ते नीट ऐकू येत नाहीये. काय करतो आपण? आवाज वाढवतो! टीव्ही असो, फोन असो, सासूबाई असोत – ‘जरा मोठ्यानं बोला!’ बरं, मोठ्यानं झालं. तरी कळलं नाही. आता दोष कुणाचा? बोलणाऱ्याचा? यंत्राचा? का आणखी कुणाचा? – नाही, नाही, लगेच उत्तर देऊ नका. ऐका.

कृष्णाकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली चार माणसं आज इथे बसली आहेत! गावात रामाचं देऊळ. रामनवमीला भर दुपारी जन्म होतो, पाळणा हलतो, आणि पाळणा म्हणायचा मान अक्कांचा. वर्षानुवर्षं अक्कांचाच. चाल त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेली. कागदावर कुठे नाही, फक्त गळ्यात.

आणि अक्कांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात शाबूत राहिला, समज सगळी शाबूत राहिली. वाचा गेली.

पहिल्या वर्षी पाळणा झालाच नाही. दुसऱ्या वर्षी अक्कांच्या सुनेनं, शरयूनं, सांगितलं, ‘मी म्हणणार.’ शरयू ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गळा बरा आहे. बरा म्हणजे – चहा असतो ना पाहुण्यांकडचा, तसा. नाव ठेवायला जागा नाही! पण जिद्दीची. एकदा म्हणाली की म्हणाली.

दोन कडवी तिला येत होती. घोडं अडलं तिसऱ्या कडव्यात. शेवटच्या ओळीत, अर्ध्यावर, अक्का काहीतरी करायच्या. काहीतरी विलक्षण! सगळ्या गावाला आठवत होतं. काय करायच्या? – ते मात्र प्रत्येकाला वेगळं आठवत होतं!

भजनी मंडळाच्या मालूकाकू म्हणाल्या, “अगं, तिथे बारीक हरकत होती. अशी!” आणि त्यांनी घेतली. मंडळी, मांजर उठून गेलं!

दुसऱ्या बाईंनी लांबलचक तान घेतली. तिसऱ्या म्हणाल्या, “छे, नुसता आलाप होता.” शरयू प्रत्येक प्रकार शिकायची, अक्कांच्या खाटेजवळ बसून म्हणून दाखवायची. त्या जागी आली की अक्का मान हलवायच्या. नाही. हे नाही. हेही नाही.

देवळाचे पंच गुळवणी अप्पा एक दिवस घरी आले. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. म्हणाले, “सूनबाई, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका. बाजारात पाळण्याच्या पेनड्राइव्ह मिळतात. एक आणून लावू. रामाला काय कळतंय?”

अक्का शेजारीच होत्या! बोलता येत नाही म्हणून ऐकूही येत नाही, असं धरून चालतात लोक. अक्कांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

शरयू म्हणाली, “अप्पा, नवमीपर्यंत मला वेळ द्या. चाल सापडली नाही तर तुमची पेनड्राइव्ह लावा. आणि एकदा लागली की दरवर्षी तीच लागणार, हेही मला माहीत आहे.”

आता पणाला काय लागलं होतं, ते कळलं ना? चार पिढ्यांची चाल. एक तर ती शरयूच्या गळ्यात उतरणार, नाही तर अक्कांच्या मिटल्या तोंडात संपणार.

एक आशा होती. फार वर्षांपूर्वी कुणीतरी देवळात अक्कांचा पाळणा कॅसेटवर टिपला होता. सांगलीच्या एका ओळखीच्यानं तो कॉम्प्युटरवर उतरवून दिला. पण साध्या स्पीकरवर तिसऱ्या कडव्यात नुसती घरघर. मग शरयूला आठवला धाकटा दीर, जयवंत. त्याच्याकडे एक यंत्र होतं!

मंडळी, जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे, आठवतंय? व्हॉल्व्ह. तसल्या व्हॉल्व्हचा हेडफोनसाठी बनवलेला ॲम्प्लिफायर. कॉम्प्युटरमधून गाणं निघतं, या यंत्रात जाऊन मोठं होतं, हेडफोनमधून कानात उतरतं. काचेत निखाऱ्यासारखा उजेड! जयवंताचा भारी जीव त्यावर. बायको म्हणायची, “माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलं नाही!”

शरयूनं हेडफोन चढवला. आणि काय ऐकू आलं? – गिरणी! घूंऽऽऽ... मधेच चुर्र, चट्ट! आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, नदीपल्याड असावा तसा अक्कांचा आवाज.

“वाढवतो,” जयवंत म्हणाला. बटण शेवटपर्यंत फिरवलं. अक्का मोठ्या झाल्या. गिरणीही मोठी झाली!

“वहिनी, व्हॉल्व्ह जुने झालेत. रशियन जोडी मागवतो. आल्यावर बघा काय आवाज येतो!”

“नवमीच्या आत येईल?”

“छे हो! महिना तरी.”

“मग आहे त्यात काय बिघडलंय ते बघू या, भाऊजी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर कशानं गुण आला ते कळत नाही.”

“हे काय तुमच्या कॉलेजचं प्रॅक्टिकल आहे?”

“प्रॅक्टिकलला मार्क जातात. इथे चाल जाईल.”

जयवंतानं यंत्र तिच्यापुढे सरकवलं!

पहिली गोष्ट तिनं बघितली – कॉम्प्युटरचा आवाज अगदी खाली ठेवलेला, ॲम्प्लिफायरचा अगदी वर. “हे असं का?” जयवंत म्हणाला, “खरी मजा व्हॉल्व्हची. कॉम्प्युटर काय, नुसता हमाल!”

आता विचार करा. कॉम्प्युटरच्या पोटात त्याची स्वतःची खरखर असते. गाण्याचा आवाज तुम्ही खाली आणा, खरखर आहे तेवढीच राहते. अक्का चिमूटभर, खरखर मूठभर! दोन्ही गेली ॲम्प्लिफायरकडे. त्या बिचाऱ्याला काय कळतंय यातल्या अक्का कोण? त्यानं दोघांनाही सारखंच मोठं केलं. आपल्या घरी हेच होतं की! आईशी बोलायचं चिमूटभर, तेही फोनवर, आणि वर्षातून एकदा वाढदिवसाला ढोलताशे. मग म्हणायचं – आईला आनंद कसा होत नाही?

शरयूनं उलटं केलं. कॉम्प्युटरचा आवाज वर, ॲम्प्लिफायरचा खाली. अक्का नदी ओलांडून अलीकडच्या काठावर आल्या!

घूंऽऽ मात्र होतंच. तिनं कॉम्प्युटरचा चार्जर काढला, बॅटरीवर चालवला. घूं बंद! चार्जरच्या वाटेनं विजेची गुणगुण तारेत शिरत होती. जयवंत खुर्ची ओढून जवळ बसला. मघापर्यंत उभा होता, बरं का!

राहिली चुर्र-चट्ट. शरयूनं यंत्र बंद केलं, प्लग काढला, व्हॉल्व्ह गार होऊ दिले, आतली उरलेली वीज उतरेपर्यंत थांबली. मग व्हॉल्व्ह अलगद उपसले. उलटे करून बघते तर खालच्या पिनांवर लाल-पिवळं काहीतरी वाळून बसलेलं!

“भाऊजी, हा कसला गंज?”

जयवंत खाली बघायला लागला. “गंज नाही वहिनी... खंडेनवमीला पूजा केली होती यंत्राची.”

“बाहेरून करायची ना!”

“म्हटलं, देव आत आहे.”

मंडळी, यानं व्हॉल्व्ह काढून, प्रत्येकाच्या बुडाला भिजवलेलं हळद-कुंकू लावून, हात जोडून परत बसवले होते! आणि दसऱ्यापासून आवाज का फाटतोय म्हणून व्हॉल्व्हच्या वयाला दोष देत होता! हसू नका. भाव खोटा नव्हता त्याचा. लावायची जागा चुकली होती. आपण तरी काय करतो? ज्यातून देव बोलेल तिथेच आपण भक्तीचा लेप देतो, आणि विचारतो, देवा, बोलत का नाहीस!

शरयूनं स्पिरिटच्या बोळ्यानं एकेक पीन पुसली, खाचा स्वच्छ केल्या, सुकू दिल्या. यंत्र जुळवलं, हेडफोन लावला – आणि अक्का! समोर बसल्यासारख्या! तिसरं कडवं आलं, शेवटची ओळ आली, अर्ध्यावर... मिळालं! एक बारीक, विरत जाणारी आस. स्वर हळूहळू विझत गेल्यासारखा. किती सुंदर!

दोन दिवस शरयूनं तेवढंच घोटलं. मग खाटेजवळ बसून म्हणून दाखवलं.

अक्कांनी मान हलवली. नाही.

शरयूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. जयवंत हळूच म्हणाला, “वहिनी, अक्कांनाच आठवत नसेल आता. वय झालं. तुम्ही कानांनी ऐकलंय ना? मग म्हणा तेच. कुणाला कळणार आहे?”

मंडळी, किती सोपी वाट होती! गाव खूश, अप्पा खूश, आणि नाही म्हणणाऱ्या बाईला वाचाच नाही. शरयूनं डोळे पुसले. म्हणाली, “अक्कांचं चुकलंय असं धरायच्या आधी माझं काय चुकलंय ते शोधायला हवं. उद्या सकाळी पुन्हा बसू.”

उद्या म्हणजे नवमी!

सकाळी देवळात सनई लागली होती. शरयू कॉम्प्युटरमधल्या आवाजाच्या सेटिंगमधल्या एकेका खुणेवरून बोट फिरवत होती. एका ठिकाणी थांबली. “भाऊजी, हे ‘सभागृह’ काय आहे?”

“ते होय? त्यानं आवाज घुमतो. देवळात बसल्यासारखं वाटावं म्हणून मीच लावलंय. छान वाटतं!”

“कॅसेट देवळातच भरली होती ना हो?”

“अरे हो की!” जयवंत म्हणाला.

तिनं ते बंद केलं. हेडफोन चढवला, डोळे मिटले. तिसरं कडवं. शेवटची ओळ. अर्ध्यावर...

काही नाही.

आस नाही, हरकत नाही, तान नाही. अक्का चक्क थांबल्या होत्या! आणि त्या रिकाम्या जागेत ऐकू आलं – कुर्रऽ... पाळणा पलीकडे गेला. कुर्रऽ... पाळणा परत आला. मग अक्कांनी श्वास घेतला. आणि उरलेली अर्धी ओळ म्हटली.

कळलं, मंडळी? सगळं गाव अक्कांचं गाणं ऐकत होतं, आणि अक्का पाळण्याचा झोका ऐकत होत्या! बाळ पलीकडे गेलंय, ते परत येईपर्यंत थांबायचं, मग पुढे म्हणायचं. त्या थांबण्यालाच गाव विलक्षण म्हणत होतं. आणि आठवणीत ते प्रत्येकानं आपापल्या तानेनं भरून टाकलं होतं. जयवंताच्या यंत्रानंही तेच केलं – आधीच्या स्वराचा घुमारा त्या शांततेत ओतला!

एव्हाना दुपार होत आली होती, खाटेजवळ बसून म्हणून दाखवायला आता वेळ नव्हता. दोघांनी अक्कांना चाकांच्या खुर्चीतून देवळात नेलं. गुळवणी अप्पा दारातच उभे, खिशात पेनड्राइव्ह. “सूनबाई, जमणार आहे ना?”

“जमणार आहे. एवढंच करा – मी थांबले तर कुणी काही करू नका.”

जन्म झाला. गुलाल उधळला. अक्कांच्या डाव्या हातात पाळण्याची दोरी दिली. शरयूनं सुरू केलं. एक कडवं. दुसरं. तिसरं. शेवटची ओळ, अर्धी – आणि ती थांबली.

सगळं देऊळ दचकलं! मालूकाकूंना वाटलं, विसरली. त्यांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. पेटीवाल्याची बोटं धावली. शरयूनं हात वर केला – कुणीही नाही!

कुर्रऽ... पाळणा पलीकडे गेला. आणि शरयूची नजर अक्कांच्या मानेवर. हलतेय का? ... कुर्रऽ... पाळणा परत आला.

मान हलली नाही. अक्कांनी डोळे मिटले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. शरयूनं श्वास घेतला, उरलेली ओळ म्हटली, आणि शेवटच्या अक्षरावर अक्कांनी दोरी पुन्हा ओढली. बरोबर तालात!

अप्पांनी पेनड्राइव्ह काढून जयवंताच्या हातात दिली. म्हणाले, “तुझ्या यंत्राला होईल.” जयवंत म्हणाला, “नको अप्पा. सध्या यंत्रातून वस्तू काढायचं चाललंय!”

तर मंडळी, सुरुवातीला विचारलं होतं, ऐकू येत नाही तो दोष कुणाचा. शरयूनं नवीन काही आणलं नाही. आपणच घातलेलं एकेक काढत गेली, आणि म्हातारी नाही म्हणाली तेव्हा म्हातारीवर विश्वास ठेवला. तुम्ही घरी जाल. कुणीतरी बोलता बोलता मधेच थांबेल – नवरा, आई, परीक्षेला बसलेली मुलगी. त्या वेळी लगेच आपलं बोलणं ओतू नका. सल्ला नको, ‘अगं माझंही असंच झालं’ नको. त्यांचं बोलणं संपलंय, का ती श्वास घेताहेत, एवढं आधी ऐका.

नाही ना जमत? मग आत्ता इथेच करून बघू. आता मी गप्प बसते. टाळ खाली ठेवा. कुणी जयजयकारही करू नका. झोका जाऊन परत येईल एवढाच वेळ – बघू या, कुणाचं काय ऐकू येतं.