मिरचीच्या यंत्राचा फॉर्म

भिवापूर-नागपूर बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर विद्यापीठाच्या प्रकल्पातली दीक्षा होती. शेजारी, प्रकल्पाचं यंत्र घरी वापरून पाहणाऱ्या बायकांच्या तिच्या यादीतल्या शामलाबाई.

"काकू, मिरची वाळवायचं यंत्र कसं चाललं?"

"काळी पडते वं मिरची त्यात. मी तर अंगणातच वाळवून राहिली."

"पण दर महिन्याच्या फॉर्मवर तुम्ही 'छान' सांगितलं!"

"माह्या घरी चहा पिऊन तू फॉर्म काढे. पाहुणीले वाईट कसं सांगू?"

"बाकीच्या बायकाही तसंच?"

"साऱ्याच."

"काकू, आम्ही तेच फॉर्म वाचून आणखी चाळीस यंत्रं बनवून राहिलो!"

"मंग थांबव ना. घे लिहून आता."

"पुढच्या महिन्यातही खरं सांगाल?"

"सांगीन. पण बस स्टँडवर भेट. आन चहाचं नाव काढू नको."