हातांचं बोलणं

बंगळुरूच्या आमच्या लिफ्ट कंपनीत फोन विभागाच्या खिडकीशी मी रांगेत होतो. माझ्यापुढे विरुपाक्षप्पा मेकॅनिक, खिडकीत नलिनी मॅडम.

“मॅडम, सोमवारी माझ्या कंपनीच्या फोनमधलं व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप गेलं.”

“सगळ्यांचंच काढलंय, अप्पा. कामाची चार अ‍ॅप सोडून काही ठेवायचं नाही, असं वरून आलंय. हवं असेल तर अर्ज करा.”

“केला होता. आई मुकी-बहिरी आहे, गदगला एकटी असते, हातांनी बोलते, असं लिहिलं होतं.”

“बघते... हो. ‘कामाशी संबंध नाही’ म्हणून नामंजूर झालाय. स्वतःचा फोन घ्या ना एखादा.”

“उगादीला घेणार होतो. गुरुवारी तिचा साधाच कॉल आला. नुसता श्वास ऐकू येत होता. मी आपला ‘येतो, येतो’ म्हणत राहिलो. तिला काय ऐकू जाणार?”

“मग?”

“मिळेल ती गाडी धरली. पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी तिला ओसरीवर निजवलं होतं.”

“अप्पा, मला खरंच ठाऊक नव्हतं.”

“तुम्हाला बोल लावायला नाही आलो. ती शेजारणीच्या फोनवरून व्हिडिओ पाठवायची. जेवलास का, कधी येतोस, असं विचारायची. ते त्या अ‍ॅपमध्ये होते. तेवढे काढून द्या.”

“अ‍ॅपबरोबर सगळं पुसलं जातं. शेजारणीकडे असतील.”

“तिनं फोनमध्ये जागा होईना म्हणून केव्हाच पुसले.”

“घरी फोटो असतील ना त्यांचे?”

“आहेत. फोटोत हात हलत नाहीत, मॅडम.”