दारातला साबण

दवाखान्यातल्या हाडाच्या वॉर्डाबाहेर भेटीची रांग होती. माझ्या पुढच्या माणसाला त्याच्या वहिनीनं दारातच अडवलं. तिच्या हातात साबण होता.

"कमलाकर भाऊजी, आधी हात धुवा."

"बाटलीतलं सॅनिटायझर चोळलं न, वहिनी. मायले पाहू द्या."

"बाटलीनं हे जुलाबाचे जंतू मरत नाहीत. सिस्टरनं सांगतलं, साबण अन् पाणीच लागते. सकाळी डॉक्टरले परत फिरवलं म्या, तुम्ही कोन?"

"माय तं हात मोडला म्हणून आली होती. हे जुलाब कुठून लागले?"

"अठूनच, दवाखान्यातून. इंजेक्शनं देल्ली, त्याईनं पोटातले चांगले जंतू मेले. हे वाईट जंतू बसले ठाण मांडून. दोन औषधं पचवली त्याईनं. आता तिसरं चालू हाये."

"लागू पडलं?"

"पडलं. उद्या सुट्टी देऊन राह्यले मायले."

"मंग झालं न! आता कायले पहारा देता?"

"बाजूच्या खाटेवर समीक्षा हाये, नववीतली पोरगी. दोन्ही हात पलस्तरात. तिची आई कापूस वेचाले गेलती. मी मायचं सारं आवरलं, बाटलीतलं चोळलं, अन् त्याच हातानं तिले वरण-भात भरवला."

"मंग?"

"कालपासून तिलेही सुरू झालं."

"…द्या साबण."

"बोटांच्या मधातही घासा. नखं पण."

त्याचं झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दादा, अंगठी काढा."