पुलाच्या तारांना बांधलेल्या लाल चिठ्ठ्यांबाबत

नाव: सगळे 'भाषांतरवाल्या बाई' म्हणतात, तेच लिहावे. वय ४७. धंदा: फ्रेंचमधून इंग्रजीत भाषांतर. राहणार: पुलाच्या अलीकडे, लाँड्रीच्या वरचा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, पुलाच्या दुरुस्तीचे फ्रेंच पुस्तक इंग्रजीत करण्याचे काम माझ्याकडे आहे. आमच्या पुलाला दोन तऱ्हेच्या केबल आहेत. खांबावरून तिरकी थेट रस्त्यापर्यंत येते ती फ्रेंचमध्ये ओबां, इंग्रजीत स्टे. वरच्या जाड केबलवरून सरळ खाली लोंबते ती सुस्पांत, म्हणजे हँगर. ठेकेदार म्हणाले, "बाई, कशाला कीस काढता? सगळीकडे केबल लिहून टाका." तसे लिहिले तर पुस्तकातले वाक्य असे होते: केबल सैल करावी, केबलला अजिबात हात लावू नये. हे मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ते म्हणाले, "पोरं घेतील समजून."

त्या पोरांत माझे धाकटे दीर आहेत. उद्या सकाळी पाना घेऊन तेच वर चढणार. ते म्हणाले, "वहिनी, वर लटकून मी पुस्तक उघडत बसू का? तारेलाच चिठ्ठी बांधा ना." म्हणून आज दुपारी प्रत्येक तारेला बुडाशी मी तिचे नाव दोन्ही भाषांत लिहून चिठ्ठी बांधली. रिबीन लाल, कारण घरात तीच होती.

फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी लाल रिबीन आणि परकी भाषा पाहून घातपाताच्या संशयाने पोलिसांना फोन केला. पूल बंद झाला. पोलिसांचा कुत्रा आला, चिठ्ठ्या हुंगून माझ्या पायाशी येऊन बसला. हवालदारांनी सगळ्या चिठ्ठ्या सोडून एकाच पिशवीत कोंबल्या. तेव्हा "अहो, अक्कल गहाण टाकलीत की काय!" असे मी ओरडले, हे खरे आहे. त्याचे वाईट वाटते, पण फारसे नाही. मी घाबरले होते. लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत होते, त्यांचे डबे मीच भरले आहेत.

जबाब मला वाचून दाखवला. साहेबांनी ओबां आणि सुस्पांत, दोन्हींना नुसते 'तार' लिहिले होते. मी सही करायला नकार दिला. साहेब म्हणाले, "बाई, काय फरक पडतो?" मी म्हटले, "मग उद्या तुमच्या भावाला चढवा."

साहेबांनी खाडाखोड करून दोन्ही शब्द घातले. पिशवी परत मिळाली. चिठ्ठ्या बांधायला हवालदार सोबत येत आहेत. तिरकी ती कोणती, हे त्यांनी आपणहून दोनदा विचारून घेतले.

खाडाखोडीनंतर जबाब पुन्हा ऐकला. आता मी सांगितले तसाच आहे, म्हणून सही करते.