काळ्या काचेतले नाना

‘झाकण न काढताच फोटू काढती गं ती!’ – अस्सं म्हनल्या आत्याबाई – हनुवटी जरा वर घ्या मावशी, पासपोर्ट साईजला कान दिसावे लागतेत – आत्याबाई म्हंजे माझ्या सासूबाई. सांगत होत्या विमलकाकींना, आमच्या चुलतसासूला. मला ऐकू जावं म्हनून न्हाई हं! मी दुकानात ह्याच पडद्यामागं फोटोच्या प्रिंटा कापत होते, पन मी कुठं हाय ते घरात कोन बघतंय? लगीन होऊन तीन महिने झाले, आवाज बी नसतो माझा. तर काकी काय म्हनल्या? ‘मुकी हाय तेवढं बरंय.’ – हसू नका, दात दिसतेत.

झाकण न्हाई ओ ते. ही बघा – न्हाई, तुमी समोरच बघा, मी सांगते – काळी काच हाय, गॉगलसारखी, कॅमेऱ्याच्या डोळ्यावर फिरवून बसवायची. अंबाजोगाईला शिकायला होते तवा घेतलेली. लोकाच्या पोरी रुखवतात पितळेचे डबे आनतेत, मी ही आनली. ही लावली की भर दुपारी बी उजेड जेमतेम आत येतो. मग कॅमेऱ्याला डोळा उघडा ठेवून वाट बघावी लागती, तीस-तीस सेकंद. तेवढ्यात जे जागचं हाललं न्हाई ते फोटोत येतं. आन् जे हाललं ते? जातं विरून. धबधबा पिंजलेल्या कापसावानी दिसतो. माणूस तर दिसतच न्हाई. आता हे घरात कुणाला सांगायचं? कुणी विचारलं का, कशाला लावती गं ही काच म्हनून?

तर परवा आमच्या नानांच्या हातनं नव्या सभामंडपाचं उद्घाटन होतं. नाना म्हंजे विमलकाकींचे मालक, मोहनराव – बघितलेत तुमी, त्यांचं बॅनर न्हाई असा चौक हाय का धारूरात? आमचे हे गेलते बाहेरगावी लग्नाच्या ऑर्डरला, म्हनून मला पाठवावं लागलं. निघताना आत्याबाईंनी बजावलं, ‘नानांचा फोटू बिघडला तर उद्यापासून दुकानाची पायरी चढायची न्हाई. घरात काय कामं कमी हायत?’ मग मी काय केलं? चाळीस फोटो काढले. बिनकाचेचे, सरळ, साधे. नाना रिबीन कापताना, नाना हार घेताना, नाना नारळाकडं बघताना. सगळे झ्याक! – डोळे मिटू नका – आन् मग काढला एकेचाळिसावा.

कॅमेरा तिपाईवर लावला, काच बसवली, म्हनलं नाना, आता सगळे एका जागी उभे ऱ्हावा. तीस सेकंद, मावशी! तेवढ्यात नानांनी उजवीकडं नमस्कार केला, डावीकडं केला, फोन घेतला, कुणाच्या पाठीवर थाप मारली, पुढं आले, मागं गेले. आन् नाना जिकडं, तिकडं त्यांचे पंचवीस-तीस कार्यकर्ते, एकमेकांच्या खांद्यावरनं मुंडी काढायला. फोटोत काय आलं? सभामंडप. नुसता, झाडून-पुसून ठेवल्यावानी. खाली माणसांच्या जागी थोडा धूर. आन् पायरीवर भिवराबाई – ऊस तोडून नुकतीच गावाला परतलेली म्हातारी, नळाचा अर्ज मांडीवर घेऊन सकाळपासनं नानांची वाट बघत बसलेली. ती कशाला हालती? लुगड्याच्या काठातला धागा न् धागा मोजून घ्या, अशी आली.

तोच फोटो काल गावाच्या व्हॉट्सॅप गटावर गेला. खाली ओळ – ‘माननीय मोहनराव यांच्या शुभहस्ते, प्रचंड गर्दीत’. घरी म्हनलं, चुकून गेला, बोट घसरलं. – काय बघताय असं? घसरलंच की. चाळीस सोडून एकेचाळिसाव्यावर घसरलं, आता बोटाला मी काय करू? ओळ? ती... ती बी बोटानंच लिहिली. दोनदा वाचून बघितली, वेलांटी चुकू नये म्हनून. – हे कुणाला बोलू नका हं मावशी. अडीचशे लोक विचारायला लागले ना, ही बाई कोन, न् कशाला बसलीय. तर आज सकाळी नानांनी तिला घरी बोलावून चहा पाजला म्हनं. अर्ज बी घेतला.

अगंबाई, ह्या आल्या दोघी! नीट बसा. – काय आत्याबाई? हातात फोन? नाना बोलतेत? – काय सांगू त्यांना, कॅमेरा बिघडला म्हनून ते फोटोत न्हाईत? – ऐकलंत ना मावशी? बिघडला म्हनलं की नानांचं मिटतंय, काकींचं मिटतंय. मग बिघडलेला कॅमेरा कपाटात, आन् मी सैपाकघरात. – हां, एक मिनिट काकी, गिऱ्हाईक हाय. – झाला मावशी तुमचा फोटो, उठा, तासाभरानं या. जावा म्हनते ना!

न्हाई आत्याबाई. कॅमेऱ्याला काही झालं न्हाई, आन् उद्या बी तो मीच धरणार हाय. नानांना सांगा, तुमी हाललात.