रविवारची गाडी

—नाही हो साहेब, एप्रिलचा भाव तुम्हाला जुलैत कसा देऊ? एप्रिलात सगळं स्वस्त असतं हे खरं, लॉजवाले निम्म्यावर येतात, मीसुद्धा येतो — पण का येतो? पाऊस! न्गोरोंगोरोच्या विवराच्या काठावर असं धुकं बसतं की पुढच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत, आणि माणसं दिवसभर काचा पुसत बसतात. लोक मला फोन करतात, पास्कली, एप्रिलात येतो, स्वस्तात होईल — मी म्हणतो या, पण छत्री बघायला एवढ्या लांब कशाला येता? जुलै म्हणजे कोरडं. गवत बसलेलं, पाणी आटत आलेलं, जे काही चार पायांचं आहे ते तळ्याकाठी. आणि विवरातली जनावरं कुठे जात नाहीत, बारा महिने तिथेच. ते नदी ओलांडणारे कळप तुम्ही टीव्हीवर पाहिलेत ना, ते सेरेंगेटीच्या पार उत्तरेला, त्याला चार-पाच दिवस हवेत, तुमच्याकडे एकच दिवस — मग न्गोरोंगोरोच. दुसरं कोणी एका दिवसात सेरेंगेटी दाखवतो म्हणाला तर समजा तो तुम्हाला फाटकावरची पाटी दाखवणार. आणि खर्च म्हणाल तर माझ्या खिशात फार येतच नाही — माणशी प्रवेश, गाडीचा वेगळा, वर विवरात उतरायचे गाडीमागे आणखी, मग गाडीत एक जण असो की सहा. म्हणून तर म्हणतो, चौघं आहात ते बरं आहे, वाटून जातं. एकट्या माणसाने हे करणं म्हणजे... असो. चहा घ्या ना, निवतोय.

कोण? ती होय? बसलीये बिचारी. कराटूची आहे, बसची वाट बघतेय बहुतेक — इथे बाकडं आहे, सावली आहे, लोक येऊन टेकतात, आपण कशाला उठवा. नाही नाही, तिला इंग्रजी येत नाही, तुम्ही बोला मोकळेपणाने. — बस ना जरा, झालंच माझं. हो, हो, सांगतो. बस. — काही नाही, बस किती वाजता विचारतेय.

तर रविवार. रविवारच हवा, असं? शनिवारी मंडळी उतरणार, सोमवारी झांझिबारचं विमान — म्हणजे मधे एवढाच दिवस. अवघड आहे, साहेब. माझी एकच गाडी. सोमवारपासून जी ती बाहेर पडते ती ऑक्टोबरपर्यंत अंगणात दिसत नाही. आमचं असंच, कोरड्या दिवसांत कमवायचं आणि बाकी पाऊस बघत बसायचं. रविवार... हो, बरोबर पाहिलंत, कॅलेंडरच्या त्या चौकोनात काहीतरी लिहिलंय. ते घरचं आहे. घरचंच काम, गिऱ्हाईक नाही. हलवता येणार नाही असं नाही — घरच्या गोष्टी काय, हलवता येतात, त्याच तर हलवता येतात! तुम्ही किती ठिकाणी विचारलंत? सगळ्यांनी नाही म्हटलं? म्हणणारच, जुलै आहे. आणि मी सांगितला तो भाव तुम्हाला मान्य? पूर्ण? मघाशी तर... बरं. बरं, बरं. मुलं किती वर्षांची म्हणालात? आठ आणि अकरा. म्हणजे अगदी वय आहे सिंह बघायचं. ठीक आहे. रविवार तुमचा. न्गोरोंगोरो, रविवार, चार माणसं. हे बघा, खोडलं. तुमचं नाव घालतो. पैसे ठेवा टेबलावर.

आता नीट ऐका. पहाटे हॉटेलवर येतो, अंधारातच निघायचं, मुलांना गाडीत झोपू द्या. कराटूला थांबून गरम मांडाझी, गोड तळलेले वडे असतात ते, आणि चहा, तिथून फाटक जवळच. काठावर गारठा असतो, आफ्रिका म्हणून अर्ध्या बाह्यांवर येऊ नका, सगळे तीच चूक करतात. मग उतार उतरायचा, छत वर करायचं, आणि — काय झालं? कुठे बघताय? बूट काढतेय ती, काढू द्या, नवे आहेत, चावत असतील. कापडी बूट चावत नाहीत खरं तर, मी दुकानात घालून बघायला लावले होते, म्हणजे... दुकानात घालूनच बघावेत माणसाने, असं म्हणतोय. तर छत वर करायचं आणि मुलांनी उभं राहायचं, फक्त हात बाहेर नाही — ए, काय करतेस? कशाला काढतेस? अगं राहू दे ना पायात! — काही नाही साहेब. जुन्या चपला घालतेय. नवे बूट पिशवीत ठेवतेय, कागदात गुंडाळून. धुळीत खराब होतील म्हणते.

नाही, तिला इंग्रजी येत नाही. खरंच येत नाही. पण न्गोरोंगोरोला कुठल्याही भाषेत न्गोरोंगोरोच म्हणतात, नाही का? आणि संडे तिला कळतं, लॉजवर सुट्टी संडेची असायची. आणि मी त्या चौकोनावर काट मारली ती तिने पाहिली. पाहिली असणार. तिथूनच तर समोर दिसतं.

आई आहे माझी. हो. आई. देसदेरिया तिचं नाव. मघाशी मी... ते माझं तोंड असंच आहे, साहेब, गिऱ्हाईक समोर असलं की घरचं माणूस आपोआप बसची वाट बघणारं होतं. असं बघू नका हो. तुम्ही काही चूक केली नाहीत, तुम्ही तारीख विचारलीत, मी दिली. माझ्या गळ्यावर कोणी सुरी ठेवली होती का? गरज होती असंही नाही, सीझन भरलेला आहे, एका रविवारने मी काही बुडत नव्हतो. पण तुम्ही 'पूर्ण भाव' म्हणालात आणि माझा हात आपोआप पेनाकडे गेला.

काय सांगू? ती वरच्या लॉजवर धोबीखान्यात होती. अगदी काठावरचं लॉज, नाव नको. तुमच्यासारखे लोक गच्चीवर कॉफी घेऊन विवर बघतात ना, त्याच्याच मागे भिंत, आणि भिंतीच्या मागे ही. सगळी हयात तिथे चादरी धुतल्या. धुक्यात चादर वाळत नाही साहेब, दोन-दोन दिवस ओली राहते, मग इस्त्रीने वाळवायची — तिची बोटं बघा, नको, बघू नका, लपवते ती. कामाला न्यायची गाडी पहाटे धुक्यात यायची, सोडायची अंधारात. गच्चीवर जायला कामगारांना बंदी. विवरात एकदाही उतरली नाही. एकदाही! लॉजच्या हातपुसण्यांवर कोपऱ्यात गेंडा भरलेला असायचा, लाल दोऱ्याने. त्या गेंड्याला रोज इस्त्री करायची. मी ड्रायव्हर झालो तेव्हा मला पहिलं काय विचारलं असेल? पगार नाही विचारला. म्हणाली, पास्कली, खरा गेंडा केवढा असतो रे? म्हटलं, आपल्या स्वयंपाकघराएवढा. तर हसायला लागली — म्हणे, लबाडा, मग तो हातपुसण्यावर मावला कसा?

तिला न्यायचं म्हणजे खर्च तरी काय! आम्हा इथल्या लोकांना तिकीट कोंबडीच्या भावात मिळतं. फक्त गाडीचा दिवस. एक दिवस. तर जुलैत गिऱ्हाईक, डिसेंबरात गिऱ्हाईक, फेब्रुवारीत गिऱ्हाईक — आणि एप्रिलात गाडी रिकामी, तेव्हा मीच म्हणायचो, आई, आता धुकं आहे, आता काय दिसणार. बरोबरच आहे ना? धुक्यात काय दिसणार?

पुढच्या वेळी? नाही. पुढची वेळ नाही. बुधवारी ती चाललीये. सोंगेआला, माझ्या बहिणीकडे, पार दक्षिणेला, कायमची. कराटूला एकटी राहायची, गुडघे गेले, जिने चढवत नाहीत, बहीण म्हणाली मी नेते. तिकीट काढलंय. म्हणून तर हा रविवार ठेवला होता. स्वतःच्या हाताने लिहिला होता त्या चौकोनात, तिला बोलावून दाखवला होता. आज ती विचारायला आली होती की रताळी उकडून आणू की भाजून. बरोबर न्यायला. एवढंच विचारायला आली होती.

काय म्हणालात? तुमच्याबरोबर? गाडीत जागा आहे, हो, आहे, सहा माणसं बसतात. नको, साहेब. तुमचं मन मोठं आहे, पण नको. कसं सांगू? ती तुमच्या बायकोला विचारेल, कुठल्या हॉटेलात उतरलात, चादरी कशा आहेत, पिवळट आहेत का. मुलांना रताळी देईल हाताने सोलून. तुम्ही उतरलात की तुमची ब्लँकेटं घडी करायला लागेल. आणि मला — मी पुढे बसून माइकवर इंग्रजी बोलत असणार, लेडीज अँड जंटलमन, आणि मागे ती ऐकतेय — मला... लाज म्हणू नका. लाज नाही. बरं, म्हणा. तेच म्हणा. गिऱ्हाईक काय, सीझन काय, सगळं खरंच आहे, पण रिकामा दिवस मिळाला तरी मी काहीतरी काढायचोच. तिच्याबरोबर त्या फाटकातून जायचं, आणि फाटकावरचे सगळे मला 'बॉस' म्हणतात... जाऊ द्या. हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? तुम्ही कोण माझे?

नका उठू. तिच्याकडे नका जाऊ, घाबरेल ती. थांबा, मी सांगतो तिला, मीच विचारतो. — आई. अगं आई, हे साहेब म्हणतात, तू पण चल. रविवारी. ह्यांच्याबरोबर, ह्यांच्याच गाडीत... आपल्याच गाडीत. मागे खिडकीजवळ. खरंच म्हणतात. हो, मी पण म्हणतो. म्हणतोय ना! — काय? — असं काय बोलतेस? इथे कुठलं लॉज आहे? —

नको म्हणते. म्हणते, पाहुणे फिरायला निघाले की आम्ही मागच्या वाटेने जायचो, पाहुण्यांच्या मधे आपण कशाला. चिडून नाही हो म्हणत, हसून म्हणते. तुमचे आभार मानते. म्हणते, साहेबांची मुलं लहान आहेत, त्यांना खिडकी दे, माझी खिडकी त्यांना दे. तिला वाटतं तिची एक खिडकी होती. — आई, मग मी ह्यांना नाही सांगतो. ऐकतेस का? खोडतो परत. रविवार तुझाच. साहेबांना दुसरी गाडी मिळेल — नाही मिळणार, पण तो माझा प्रश्न आहे. बस खाली. पिशवी ठेव. — आई!

बघितलंत? बघितलंत काय केलं तिने? तुमचे पैसे टेबलावर होते, ते माझ्याकडे सरकवले. दोन बोटांनी. म्हणते, तू शब्द दिलास त्यांना, आता फिरवू नकोस, माझं काय, मी बाहेरची माणसं पाहिली आयुष्यभर, जनावरं राहिली तर राहिली. माझ्याच पाठीवर थोपटलं, तुमच्यादेखत. मी तिच्या जागी असतो तर... एक शिवी तरी द्यायची ना! दिली असती तर मी भांडलो असतो, भांडलो असतो तर खोडलं असतं.

गेली. नाही, स्टँड समोरच आहे, तिला वाट माहीत आहे, तिला सोडायला यायचं म्हटलं तर हाताने नको केलं — पाहुणे बसलेत ना आत, म्हणून. तुम्ही अजून बसलाय म्हणून. नाही, तुमच्यावर नाही ढकलत. पावती हवी ना? देतो. थांबा, पेन... सापडलं. ही घ्या. नाव बरोबर आहे का बघा.

रविवारी पहाटे मी हॉटेलवर येईन. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हसत येईन. गुड मॉर्निंग म्हणेन. मुलांना विनोद सांगेन, सिंह दिसला की गाडी बंद करून गप्प बसेन, गेंडा लांब असेल तर दुर्बीण देईन. मी चांगला आहे ह्या कामात, कोणालाही विचारा. फक्त एक करा — बायकोला हे सांगू नका. आणि मला दिवसभरात काही विचारू नका. ती पोचली का, कशी आहे, गेली का — काही म्हणजे काही नाही. पैसे जास्त देऊ नका शेवटी, ते मी घेणार नाही. घेईन कदाचित. देऊच नका.

या आता. या म्हणतो ना! दार — नको, राहू द्या उघडं, अजून बस सुटली नसेल, ती कदाचित... नाही. ओढून घ्या. घट्ट ओढा, अडकतं ते.