घोड्याचे कान आणि कंटेनरचं दार

मी, तक्रारदार, वय एकोणपन्नास, काम लाकडी मूर्तींना पॉलिश करणे, राहणार लाकडाच्या वखारीमागील गल्ली, आज आपण होऊन ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती राहतो. पती कोरीवकाम करतात. करत होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात चालत नाही. त्याआधी त्यांनी एका अखंड खोडातून उभा घोडा कोरला. कान सर्वांत शेवटी केले. घोडा परदेशातल्या एका संग्रहालयाने घेतला आहे.

तो पाठवायचं काम माझ्या धाकट्या दिराने अंगावर घेतलं. त्याचा तोच धंदा. आमच्याकडे बसून त्याने कंटेनरचे सगळे प्रकार समजावले. वीस फुटी, चाळीस फुटी, फूटभर जास्त उंच तो हाय क्यूब, फळांसाठी थंड, वरून क्रेनने माल सोडायचा तर उघड्या छताचा. पती म्हणाले, "उंचच घे रे बाबा." दीर म्हणाला, "दादा, घोडा सात फूट आठ इंच. साधा कंटेनर आतून सात फूट दहा. दोन इंच उरतात. मी काय आज या धंद्यात आलोय?" आम्ही ऐकलं. म्हटलं, घरचा माणूस आहे.

काल दुपारी यार्डात फोर्कलिफ्टने घोडा उचलला आणि तो कंटेनरच्या तोंडाशीच अडला. दाराच्या वर लोखंडी पट्टी असते, त्यामुळे दार आतल्यापेक्षा बुटकं, सात फूट पाच इंच. दिराने आत टेप लावला होता, दाराला नाही. आडवा घालावा तर पाय बारीक, मोडले असते. मी म्हटलं, "भाऊजी, कंटेनर बदला." तो म्हणाला, "बघतो, बघतो. वहिनी, तुम्ही तेवढा गेटवरून पासवर शिक्का मारून आणा."

मी परत आले तर दार बंद, सील लावलेलं. खाली भुसा पडला होता. दीर म्हणाला, "तीनच इंचांचा प्रश्न होता, वहिनी. कान पिशवीत घालून मानेला बांधलेत, तिकडे चिकटवतील. कुणाला कळतंय?"

दुसरा कंटेनर मागवला असता तर चारचौघांत त्याची चूक दिसली असती. स्वतःचं नाक कापलं जाऊ नये म्हणून मेल्याने घोड्याचे कान कापले. साहेब, हे असंच लिहा. पुन्हा कोरायला आता आमच्या घरात हात नाही.

संध्याकाळी दीर घरी आला. पतींनी विचारलं, "नीट गेला?" तो म्हणाला, "मग! दोन इंच उरले." पतींनी डाव्या हाताने त्याचा हात धरला आणि म्हणाले, "उगाच शंका घेतली रे तुझ्यावर. माफ कर." दीर म्हणाला, "असू दे, दादा." मी आत जाऊन चहा ठेवला.

दिराने घोड्याचं जाणूनबुजून नुकसान केलं म्हणून माझी त्याच्याविरुद्ध तक्रार आहे. कंटेनर अजून यार्डात आहे, तो थांबवावा.

लिहिलेलं मला वाचून दाखवलं, ते मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. चौकशीला शिपाई घरी पाठवू नये. मला पॉलिशच्या दुकानात बोलवावं. घरी मी अजून काही सांगितलेलं नाही.